चवथीच्या आरत्या, नाट्यपदं आणि नवा कॉम्प्युटर

आमच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय: १४,३१२ आणि त्याखाली १८६ जीबी. बायकोला वाटलं कसलातरी हप्ता असेल. ती माझ्या गाण्यांची मोजदाद आहे. नव्या कॉम्प्युटरवर बिऱ्हाड हलवायच्या आदल्या दिवशी जुन्यावर किती फाईली होत्या आणि त्या किती वजनाच्या होत्या, एवढंच. तुम्हीही पहिलं काम हेच करा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि दिसतील ते दोन आकडे कागदावर. कॉम्प्युटरवर नको, कागदावर.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. शाळेत मराठी शिकवायचो, आता निवृत्त आहे. भजनाला पेटी वाजवतो, जत्रेच्या नाटकाला ऑर्गनवर बसतो. घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी, त्यामुळे माझ्या फाईलींची नावं देवनागरीत. त्यानं काय घोळ झाला ते पुढे येईलच. संग्रहात तीन तऱ्हेचा माल आहे. सीडीवरून उतरवलेली गाणी, वडिलांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी (त्या मी मे महिन्याच्या सुट्ट्यांत एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या), आणि मी स्वतः केलेली रेकॉर्डिंगं: घुमट (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य) वाजवत म्हटलेल्या आरत्या, वास्कोच्या सप्ताहातले पार म्हणजे गात निघणाऱ्या मिरवणुका, नाटकांच्या तालमी. पहिल्यातलं काही गेलं तर कुठूनतरी परत मिळतं. बाकीच्या दोन्हींतलं गेलं की गेलंच.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझं २०१४ चं मशीन ११ घ्यायला तयार नव्हतं. म्हणून नवं घेतलं. ते २०१४ चं मशीन आणलं तेव्हा गाणी हलवायचं काम मी एका दुकानात दिलं होतं. त्यांनी ‘म्युझिक’ नावाचा फोल्डर उचलला, नव्यात ओतला आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकली. गाणी आली. पण डेस्कटॉपवरचा ‘तालीम’ नावाचा फोल्डर आला नाही आणि मी वर्षानुवर्षं लावलेल्या प्लेलिस्ट, म्हणजे कुठल्या नाटकात कुठलं पद कितव्या जागी, त्याही आल्या नाहीत. दोष मी दुकानाला अर्धाच देतो. म्युझिकच्या बाहेरही माझी गाणी आहेत, हे त्यांना मीच सांगितलं नव्हतं. या खेपेला सगळं घरी केलं.

आधी शोधा

गाणी आपल्याला वाटतात तिथं नसतात. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाईलींची एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागची शेपटं, आणि लपलेल्या फाईली दिसतील असं करा. मग प्रत्येक ड्राइव्हवर शोधाच्या चौकटीत एकेक शेपूट टाका: एमपीथ्री, डब्ल्यूएव्ही, फ्लॅक, एमफोरए, डब्ल्यूएमए. मला डाउनलोड्समध्ये दोनशेवर सापडली. ‘नवीन फोल्डर (३)’ मध्ये एका भजनी स्पर्धेचं अख्खं रेकॉर्डिंग होतं, जे मी दोन वर्षं शोधत होतो.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या ऑडिओंना मूळ नाव राहत नाही. तारीख आणि डब्ल्यूए००१२ असला काहीतरी क्रमांक उरतो. त्या फाईली ऐकून आत्ताच नावं द्या. नव्या कॉम्प्युटरवर गेल्यावर देऊ म्हणाल तर कधीच देणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

भटकी गाणी मुख्य फोल्डरात आणून ठेवा, पण तिथं आधीपासून बसलेल्यांना हात लावू नका. गाण्याचा पत्ता प्लेयरनं आपल्या वहीत लिहून ठेवलेला असतो. तुम्ही परस्पर घर बदललंत की त्याच्या लेखी ते गाणं बेपत्ता.

तारीख

एक फाईल जवळून दाखवतो. तिचं नाव होतं ‘व्हॉइस ००४७’. छोट्या रेकॉर्डरनं दिलेलं नाव, त्यातून काही कळत नाही. प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तर तयार झाल्याची तारीख २०१४ ची आणि शेवटचा बदल २३ ऑगस्ट २००९, रात्री ८ वाजून ५२ मिनिटं. म्हणजे फाईल जन्माला यायच्या पाच वर्षं आधी तिच्यात बदल झालेला. हसू येईल, पण कारण साधं आहे. विंडोजमध्ये फाईल कॉपी केली की ‘क्रिएटेड’मध्ये कॉपी केल्याचा दिवस लागतो आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. २०१४ हा दुकानातला दिवस. २३ ऑगस्ट २००९ ही त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी.

म्हणजे ती पहिल्या रात्रीची आरती. घुमटावर दोन चुलतभाऊ, शामेळ या तालवाद्यावर शेजारचा मुलगा, कांसाळें म्हणजे झांजा कुणाकडे होती ते आवाजावरून कळत नाही, आणि म्हणणारे आमचे वडील. मधेच ते एका कडव्याला अडखळतात आणि घुमटवाले थांबत नाहीत, तसंच पुढे खेचतात. आईला ऐकवलं तर ती एवढंच म्हणाली, “परत लाय.” पुन्हा लाव.

ती तारीख गेली असती तर ही कुठल्या वर्षीची आरती, हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आणि ती घालवणं फार सोपं आहे. टॅग, म्हणजे फाईलच्या पोटात लिहिलेली गायक-अल्बमची माहिती, बदलून सेव्ह केलं की ‘मॉडिफाइड’वर आजचा दिवस चढतो. म्हणून स्वतःच्या रेकॉर्डिंगांना हात लावण्याआधी तारीख थेट नावात घाला: वर्ष, महिना, दिवस, या क्रमानं. ‘२००९-०८-२३ चवथ आरती घरची’. वर्ष पुढे ठेवलं की फाईली आपोआप काळाच्या क्रमानं उभ्या राहतात. फक्त नाव बदलल्यानं आतली तारीख हलत नाही. एमपीथ्री टॅग नावाचा फुकट प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये टॅग लिहिताना फाईलची वेळ जशीच्या तशी ठेवायची खूण आहे. ती आधी करा, मगच टॅग लिहा.

रेकॉर्डरच्या घड्याळावर मात्र आंधळा विश्वास नको. माझ्याकडच्या एकाचे सेल काढून ठेवले की तो थेट कारखान्यातल्या तारखेला जातो. त्याच्या हिशेबानं मी सप्ताह जानेवारीत रेकॉर्ड केलाय.

‘ऱ’चं प्रकरण

हे मराठीत फाईली ठेवणाऱ्यांसाठी. इंग्रजी नावं देणाऱ्यांनी थेट पुढच्या भागाकडे वळावं.

माझ्याकडे ‘तिसऱ्या अंकातलं पद’ नावाच्या दोन फाईली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी बसल्या होत्या. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली राहूच शकत नाहीत, हे शाळेतलं पोरही सांगेल. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं की ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे आख्खा ‘ऱ’ हे एकच अक्षर, आणि दुसरा ‘र’ खाली नुक्ता देऊन, दोन चिन्हं जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच. विंडोजला ती दोन वेगळी नावं वाटतात. माझ्यातली एक फाईल भाच्याच्या जुन्या मॅकवर जाऊन आली होती आणि जुन्या मॅकची डिस्क असल्या अक्षरांची फोड करून ठेवते. त्यामुळे शोधाच्या चौकटीत ‘तिसऱ्या’ टाकलं की एकच सापडायची आणि दुसरी हरवली असं वाटायचं. उपाय एकच: अशी नावं पुसून आपल्या नेहमीच्या कीबोर्डनं पुन्हा टाइप करायची. मला अकरा सापडली. अकराही ‘दुसऱ्या’ नि ‘तिसऱ्या’वाली, नाटकवाल्याकडे दुसरं काय असणार!

दुसरं म्हणजे लांबी. फोल्डरांसकट अख्खा पत्ता २६० चिन्हांच्या आत असावा, अशी विंडोजची जुनी अट कितीतरी प्रोग्राम अजून पाळतात. देवनागरीत काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचा, कॉम्प्युटरला दहा चिन्हांचा. मी अभंगाचा पहिला चरण अख्खा नावात घालायचो, शिवाय फोल्डरात गायक, गाव, प्रसंग. अशा सतरा फाईली कॉपी व्हायला नाकं मुरडत होत्या. नावं तोडली, गेल्या.

गाण्यात नसतं ते

गायकाचं नाव, राग, अल्बम हे टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या पोटात असतं आणि फाईलबरोबर जातं. प्लेलिस्ट तशा जात नाहीत. आपण दिलेले तारे आणि कितीदा ऐकलं हा हिशेबही बहुतेक वेळा प्लेयरच्याच वहीत असतो, तिच्याशिवाय तोही मागे राहतो. ही वही शोधा.

मी म्युझिकबी हा प्लेयर वापरतो. त्याची लायब्ररी म्युझिक फोल्डरातल्या त्याच्याच नावाच्या फोल्डरात असते, तो अख्खा फोल्डर उचलला. विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांनी आधी फाइल मेनूतल्या लायब्ररीत जाऊन ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ करावं. त्यानं इकडेतिकडे विखुरलेल्या गाण्यांच्या प्रती एका जागी जमतात. मग म्युझिकमधला अख्खा आयट्यून्स फोल्डर न्यावा. नव्यावर आयट्यून्स पहिल्यांदा उघडताना शिफ्ट दाबून धरलं की कुठली लायब्ररी घेऊ असं तो विचारतो. तिथं आपली दाखवायची.

शिवाय महत्त्वाच्या प्लेलिस्ट वेगळ्या काढून ठेवा. एक्सपोर्ट करताना एमथ्रीयू आणि एमथ्रीयू८ असे दोन पर्याय दिसले तर आठवाला घ्या. साध्यात देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहण्याचा संभव असतो. ही प्लेलिस्ट म्हणजे साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते. मी तर माझ्या नाटकांच्या याद्या छापूनसुद्धा ठेवल्यात. ऑर्गनवर कागदच बरा पडतो.

आता कॉपी

मधे एक बाहेरची हार्ड डिस्क हवी. ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्ही तिच्यावर लिहितात. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही. मी शहाणपणा करून सगळ्या कॅसेटींची एक झिप केली आणि पेनड्राइव्हवर टाकायला गेलो, तर जागा असूनही तो नाही म्हणाला. झिपच्या भानगडीत पडू नका. १८६ जीबीची एक फाईल बिघडली तर सगळं बिघडतं, सुट्या फाईलींत एक बिघडली तर एकच बिघडते.

जुन्या मशीनची यूएसबीची भोकं आतून काळी किंवा पांढरी असतील तर ती बहुधा २.० आहेत आणि सेकंदाला तीसेक एमबीच्या वर फारसं सरकत नाहीत. निळी असतील तर सहसा ३.० आणि काम कितीतरी पटकन. माझी काळी. १८६ जीबीला पावणेदोन तास लागतील असा हिशेब केला होता, प्रत्यक्षात अडीच लागले, कारण बारीक बारीक फाईलींना वेळ जास्त जातो.

कॉपी म्हणजे कॉपीच. कट-पेस्ट नाही. वीज गेली तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आणि आमच्याकडे ऑक्टोबरात संध्याकाळी चार वाजता आभाळ काळं झालं की वीज जायचीच. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नका आणि शक्यतो सकाळी करा. माझ्याकडे यूपीएस होता. त्याची बॅटरी कधी मेली ते मला माहीत नव्हतं.

वीज जाऊन बंद पडलं त्या वेळी जी फाईल चालू होती ती नंतर पाहिली तर आकार बरोबर, नाव बरोबर. वाजवली तर बावीस मिनिटांनंतर सन्नाटा. कॉपी सुरू होताना विंडोज पुढची सगळी जागा आधीच राखून ठेवतं, भरणं नंतर होतं. म्हणून नुसते आकडे जुळले म्हणजे काम झालं असं नाही. आकडे जुळवाच. कॅलेंडरवरचे दोन्ही. पण त्यानंतर फ्रीफाईलसिंक नावाचा प्रोग्राम घ्या, डावीकडे जुना फोल्डर, उजवीकडे नवा, आणि तुलना ‘फाइल कंटेंट’ वर लावा. तो दोन्हीकडची फाईल अथपासून इतिपर्यंत वाचून पाहतो. रात्रभर लागतो, लागू दे. माझ्यात तीन फाईली निघाल्या, त्या परत कॉपी केल्या.

फाईलींचा आकडा एखाद-दुसऱ्यानं चुकला तर लगेच घाबरू नका. थंब्स, डेस्कटॉप अशा नावांच्या लपलेल्या फाईली विंडोज स्वतःच ठेवत असतं. मॅकनं हात लावला असेल तर टिंबानं सुरू होणाऱ्या फाईलींचा कचरा असतो.

नव्या घरी

नव्या मशीनवर जागा अशी निवडा की जुना पत्ता जसाच्या तसा लागू होईल. माझी गाणी डी ड्राइव्हवर ‘संगीत’ फोल्डरात होती. नव्यात फक्त सी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सीमधली जागा कापली, नव्या भागाला डी अक्षर दिलं आणि तिथंच ‘संगीत’ केलं. प्लेलिस्ट एकही तुटली नाही. २०१४ मध्ये हे ठाऊक असतं तर!

डॉक्युमेंट्समध्ये गाणी टाकू नका. नवं विंडोज तो फोल्डर वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कोठाराशी, जोडून ठेवतं, फुकट जागा ५ जीबीची, आणि मग रोज ‘जागा भरली’ची कटकट.

एक जुनं भूत मात्र अजून सतावतं. विंडोज मीडिया प्लेयरनं सीडी उतरवताना ‘कॉपी प्रोटेक्ट’ची एक खूण असायची. माझ्याकडे ती होती आणि मी कधी काढली नव्हती. त्या डब्ल्यूएमए फाईलींना कुलूप असतं आणि किल्ली जुन्या मशीनवरच राहते. कॉपी झाल्या, नावं दिसतात, पण वाजत नाहीत. जुनं मशीन चालू आहे तोवर अशा सगळ्या वाजवून पाहा. सीडी घरात असेल तर नव्यानं उतरवा, या वेळी फ्लॅकमध्ये. नसेल तर जुन्या मशीनवरच त्या ऑडिओ सीडीवर जाळून (बर्न करून) पाहायच्या आणि मग ती सीडी उतरवायची. माझ्या साठेक सीड्यांपैकी नऊंना बुरशी आली होती. आमच्या पावसात काही सांगता येत नाही. सात पुसून वाचल्या.

मग ऐका. सगळी नाही, पण सर्वांत लांब पंचवीस फाईलींचा शेवटचा मिनिट, आणि ज्यांची दुसरी प्रत जगात नाही त्या अख्ख्या. मला त्यात आठ दिवस गेले आणि तालमीला दोनदा उशीर झाला.

जुनी डिस्क

फॉरमॅट करू नका. किमान एक चवथ जाऊ द्या. मी मशीन भंगारात दिलं, पण आधी स्क्रू काढून आतली डिस्क काढून घेतली. लॅपटॉपची असेल तर साध्या यूएसबी केबलवर चालते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अॅडॅप्टर लागतो. जुन्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर काढण्याआधी त्याची ४८ आकडी किल्ली लिहून घ्या, नाहीतर ती डिस्क म्हणजे दगड.

दुसरी प्रत दुसऱ्या गावात असावी. आमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजरबरोबर अंतराळात पाठवली तीही दोन यानांवर, दोन तबकड्या. आपण निदान मडगावपर्यंत तरी जावं. माझी जुनी डिस्क बहिणीकडे आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, चार सिलिका जेलच्या पुड्या घालून, वर मार्करनं तारीख आणि १४,३१२. तो डबा फ्रीजवर ठेवू नकोस एवढं तिला तीनदा सांगितलंय. दिवाळीला गेलो होतो, फ्रीजवरच होता. आता कपाटात ठेवून आलोय, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे. दर सहा महिन्यांनी जोडून चालते का ते पाहायचं, ते काम भाच्याचं.